फुलहॅम पॅलेस: बदलीच्या माणसांचं घर

माझे वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. ३१ वर्षांच्या नोकरीत आम्ही ९ सरकारी क्वार्टर्स बदलली. प्रत्येक ठिकाणी बाबांनी अंगणात काही ना काही लावलं, आणि प्रत्येक ठिकाणी ते तसंच मागे ठेवून आम्ही सामानाच्या ट्रकबरोबर पुढच्या गावाला निघालो. हे आधीच सांगून टाकते. लंडनमधला फुलहॅम पॅलेस मी यापूर्वी ३ वेळा पाहिला होता, पण तो कळला या मे महिन्यात, बाबांना घेऊन गेले तेव्हा.

नावात पॅलेस असला तरी हा राजवाडा नाही. कॅन्टरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनंतर चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ज्याचा मान असतो, त्या लंडनच्या बिशपचं हे निवासस्थान. इसवी सन ७०४ च्या सुमारास बिशप वॉल्डहेअर यांनी थेम्सकाठची ही जमीन हेरफर्डच्या बिशपकडून घेतली. १९७३ मध्ये बिशप रॉबर्ट स्टॉपफर्ड निवृत्त होऊन इथून बाहेर पडले आणि त्यांच्यानंतर कुठलाही बिशप इथे राहायला आला नाही. सतराव्या शतकातला एक छोटा खंड सोडला तर मधली साधारण १२७० वर्षं ही वास्तू एकाच पदाकडे होती. बाबांनी हिशेब केला, "म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही पावणेसहाशे वर्षं आधीपासून!" आणि मग म्हणाले, "पण एवढ्या वर्षांत बापाचं घर मुलाला एकदाही मिळालं नाही. क्वार्टरच की गं हे."

त्यांच्या या वाक्यानंतर मी सगळं घर नव्याने पाहिलं.

जायचं कसं, ते आधी. डिस्ट्रिक्ट लाइनच्या पटनी ब्रिज स्टेशनवर उतरायचं. (नाव लिहितात फुलहॅम, पण तिथली माणसं 'फुलम' म्हणतात. पत्ता विचारताना उपयोगी पडेल.) पुलाजवळ ऑल सेंट्स चर्चचा दगडी मनोरा दिसतो. त्याच्या बाजूने बिशप्स पार्कमध्ये शिरायचं आणि नदीला डावीकडे ठेवून चालत राहायचं. काठाने जुन्या प्लेन वृक्षांची रांग आहे. ही बाग पूर्वी बिशपांच्याच जमिनीचा भाग होती, १८९३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. बाबांचे गुडघे दुखतात, तरी ते अंतर त्यांनी मध्ये दोनदा बाकावर टेकून आरामात पार केलं. एक काळजी घ्या. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला फुलहॅम फुटबॉल क्लबचं मैदान आहे. सामन्याचा दिवस असला तर शांतपणे चालायला मिळणार नाही, तारीख बघून जा.

आत शिरताना खंदक लागतो, म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते. एके काळी तो जवळपास दीड किलोमीटर लांब होता आणि त्याच्या आत ३६ एकर जमीन होती. राहत्या घराभोवतीचा इतका लांब खंदक इंग्लंडमध्ये दुसरा नव्हता. थेम्सच्या भरतीचं पाणी झडपेतून आत घेऊन तो भरत. १९२१ ते १९२४ या काळात तो बुजवून टाकला. खंदकावरच्या पुलाजवळ थोडासा भाग पुन्हा मोकळा केला आहे. मी याआधी तिन्ही वेळा त्या खोलगट गवताकडे एक नजर टाकून पुढे गेले होते. बाबा मात्र कठड्याला रेलून दहा मिनिटं उभे. उतार कुठून कुठे, झडप कुठे असेल, गाळ कुठे साठत असेल, हे सगळं त्यांनी हाताने हवेत आखून दाखवलं. त्यांच्या मते शत्रूला अडवायला एवढा लांब खंदक कोणी खणत नाही, राखायला माणसं कुठून आणणार? हा पुराचा बंदोबस्त असणार. नदीकाठच्या सखल जमिनीवर घर टिकवायचं तर दुसरा इलाजच नव्हता. या नदीने इथे काय काय आणलं! ८७८ चा हिवाळा डेन लोकांच्या सैन्याने फुलहॅमलाच काढला होता. पुढे बिशप लंडनहून नावेने याच नदीतून येत. कित्येक शतकं हे त्यांचं उन्हाळ्याचं घर होतं, गावातला वाडा सेंट पॉल्सजवळ होता.

मग पश्चिमेचा चौक येतो. चौक हाच शब्द बरोबर आहे. चारी बाजूंनी लाल विटांचं बांधकाम, मधोमध कारंजं. भिंतींवर जास्त भाजलेल्या काळपट विटांनी चौकटीच्या आकाराची नक्षी काढली आहे. ती दुरून दिसत नाही, जवळ गेलं आणि ऊन तिरपं असलं की उठून येते. हा सगळा भाग ट्यूडर काळातला, ग्रेट हॉल १४९५ चा. सकाळी साडेदहा-अकराला जा असं मी सांगेन, ते त्या उन्हासाठी.

ग्रेट हॉलमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा थोडा हिरमोड होऊ शकतो. उंच छत, लाकडी तावदानं, शेकोटी, बास. पण ही खोली काय काय झाली आहे ते कळलं की पाय निघत नाही. कॅथलिक राणी मेरीच्या काळात बिशप एडमंड बॉनर इथे राहत होते. १५५५ मध्ये टॉमस टॉमकिन्स नावाच्या एका प्रोटेस्टंट विणकराचा हात त्यांनी याच हॉलमध्ये मेणबत्तीवर धरला, असं त्या काळच्या प्रोटेस्टंट इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मार्चमध्ये टॉमकिन्सला स्मिथफील्डच्या मैदानात जाळलं. पुढे प्रोटेस्टंट एलिझाबेथ गादीवर आली आणि बॉनर स्वतः तुरुंगात गेले. १५६९ मध्ये ते तिथेच वारले. मग १६४७ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत ही सगळी मालमत्ता एडमंड हार्वी नावाच्या संसदपक्षाच्या कर्नलला विकली गेली. राजेशाही परतली तसे बिशपही परतले. १८१४-१५ मध्ये बिशप हाउली यांनी हॉलचं प्रार्थनागृह केलं, आणि १८६७ मध्ये बिशप टेट यांनी शेजारी नवं प्रार्थनागृह बांधल्यावर हॉल पुन्हा हॉल झाला. बाबा म्हणाले, "नवीन साहेब आला की आधी भिंत पाडतो." त्यांच्या खात्यात हा रिवाजच असावा, पण इथेही तो अगदी लागू पडतो.

टेट यांच्या प्रार्थनागृहाचीही तीच गत. वास्तुविशारद विल्यम बटरफील्ड. रंगीबेरंगी विटांची आडवी-तिरपी नक्षी हे त्यांचं वैशिष्ट्य. काम पूर्ण झालं आणि पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, टेट कॅन्टरबरीचे आर्चबिशप होऊन लॅम्बेथला, म्हणजे आर्चबिशपांच्या लंडनमधल्या वाड्यात, गेले. हौसेने घडवलेल्या त्या जागेत त्यांना फार काळ प्रार्थना करता आली नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने नुकसान केलं. १९५० च्या दशकात दुरुस्ती झाली तेव्हा बटरफील्डच्या विटांवर भित्तिचित्रं रंगवली गेली. चित्रं वाईट नाहीत, पण आता दिसत नसलेल्या त्या विटांसाठी मला हळहळ वाटते. एक थर दुसऱ्याला पूर्ण झाकतो, असं या घरात वारंवार घडलंय.

पूर्वेकडून मात्र घर एकदम वेगळं दिसतं. विटांचा चौक ओलांडून मागच्या हिरवळीवर आलात की समोर शांत, सरळ रेषांची जॉर्जियन इमारत उभी. हे हाउलींचंच काम, वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकेरेल. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचेही सर्व्हेयर होते आणि ग्लॉस्टरशायरमधलं सेझिनकोट हे मुघल धाटणीचं, घुमटाचं घर त्यांनीच बांधलं. इथे त्यांनी घुमटाचा मोह पूर्ण टाळला आहे. हाउली पुढे आर्चबिशप झाले तेव्हा लॅम्बेथ पॅलेसचंही मोठं बांधकाम त्यांनी काढलं! त्यांना विटा-चुन्याशिवाय चैन पडत नसावं. एकूण फुलहॅम हा लॅम्बेथच्या वाटेवरचा टप्पा होता. ग्रिंडल, बँक्रॉफ्ट, लॉड, जक्सन, हाउली, टेट, सगळे लंडनचे बिशप आणि पुढे कॅन्टरबरीचे आर्चबिशप. अलीकडे सारा मुलाली, लंडनच्या पहिल्या स्त्री बिशप, याही त्याच वाटेने कॅन्टरबरीला गेल्या. फक्त त्यांच्या वेळेपर्यंत फुलहॅमला मुक्कामाची पद्धत संपली होती.

संग्रहालय छोटं आहे, प्रवेश फुकट आहे. दाराशी देणगीची पेटी आहे, तीत मनापासून टाका. सगळं पाहायला तासभर पुरतो. झुंबरं आणि सोन्याचं फर्निचर बघायचं असेल तर इथे येऊ नका. मला जी गोष्ट इथली सगळ्यात मोलाची वाटते ती इथे आता नाहीच. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये अमेरिकेला गेलेल्या लोकांच्या वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली हकिगत अमेरिकन क्रांतीच्या काळात बॉस्टनहून नाहीशी झाली होती. १८५५ मध्ये ती सापडली, ती या घरातल्या बिशपांच्या ग्रंथसंग्रहात. ती कशी आली आणि कोणी आणली, या प्रश्नापेक्षा पुढचं मला जास्त भावतं. १८९७ मध्ये चर्चच्या न्यायालयात रीतसर अर्ज होऊन ती वही मॅसॅच्युसेट्सला परत दिली गेली. ज्याची होती त्याला मिळाली. लंडनच्या संग्रहालयांमधून फिरताना हे वाक्य म्हणायची संधी फार थोड्या वेळा येते.

बिशप बीलबी पोर्टियस यांच्याबद्दलचा भागही नीट वाचा. त्यांचं घराणं व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांचं. तरी १७८३ मध्ये, लंडनला येण्याआधी, त्यांनी एका प्रवचनात चर्चच्याच संस्थेला सुनावलं होतं, कारण बार्बाडोसमधल्या तिच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. समोर बसलेले लोक त्याच संस्थेचे होते. पोर्टियस यांनी आपली पुस्तकं पुढच्या बिशपांसाठी इथेच ठेवली. त्यांच्या नावाची खोली आहे.

आता बाग. खरं तर सगळं परीक्षण हिच्यासाठीच लिहायला घेतलं.

१३ एकर जागा उरली आहे. हिरवळीच्या कडेला एक होम ओक आहे, सदाहरित, भूमध्य समुद्राकडच्या जातीचा, सुमारे ५०० वर्षांचा. त्याला एकच बुंधा नाही, जुन्या बुडख्यातून फुटलेल्या जाड फांद्यांचा घोळका आहे. बाबांनी सालीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

इथल्या बागेची कीर्ती आधीपासूनची. ग्रिंडल इथून राणी एलिझाबेथला द्राक्षं पाठवत असत. एकदा त्यांचा एक नोकर आजारी पडला आणि बिशपांच्या घरी प्लेग असताना त्यांनी राणीला द्राक्षं धाडली अशी वदंता उठली. बिचाऱ्यांना तसं काही नसल्याचं पत्र दरबारी लिहावं लागलं. पण ही बाग खरी हेन्री कॉम्प्टन यांची. १६७५ ते १७१३ अशी ३८ वर्षं ते लंडनचे बिशप होते. इंग्लंडच्या अमेरिकेतल्या वसाहतींतलं चर्च त्यांच्या अखत्यारीत होतं, आणि तिकडे पाठवलेल्या धर्मोपदेशकांकडून ते बिया आणि रोपं मागवून घेत. जॉन बॅनिस्टर हे त्यांतले सर्वांत गुणी. १६७८ मध्ये ते व्हर्जिनियाला गेले, तिथल्या वनस्पतींची चित्रं काढली, रोपं पाठवली, आणि १६९२ मध्ये एका मोहिमेत चुकून गोळी लागून गेले. त्यांनी धाडलेलं मॅग्नोलिया व्हर्जिनियाना हे झाड युरोपातलं पहिलं मॅग्नोलिया. ते इथे, फुलहॅमला वाढलं. कॉम्प्टन यांच्या बागेत आणि काचघरांत हजारावर परदेशी जाती होत्या असं सांगतात.

१६८६ मध्ये राजा जेम्सने त्यांना निलंबित केलं, कारण कॅथलिकांविरुद्ध बोलणाऱ्या एका धर्मोपदेशकाला शिक्षा करायला त्यांनी नकार दिला होता. मग ते बागेतच रमले. दोन वर्षांनी जेम्सचा डच जावई विल्यम याला इंग्लंडला येण्याचं आमंत्रण देणाऱ्या ७ जणांत त्यांची सही होती, आणि १६८९ मध्ये विल्यम आणि मेरीच्या डोक्यावर मुकुट त्यांनीच ठेवला. एवढं राजकारण करणारा माणूस रोपांच्या पार्सलांची वाट बघत असे, हे चित्र मला फार आवडतं.

आणि त्यांच्यानंतर? नवे बिशप जॉन रॉबिन्सन आले. मुत्सद्दी माणूस, उट्रेख्टच्या तहाच्या वाटाघाटी करून आलेले. त्यांना घर अवाढव्य आणि मोडकळीला आलेलं वाटलं. १७१५ मध्ये त्यांच्या विनंतीवरून पाहणी झाली, पाहणी करणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन आणि जॉन व्हॅनब्रू हे त्या काळचे नामवंत वास्तुविशारद होते. काही भाग पाडला तरी ५० ते ६० खोल्या उरतील असं ठरलं आणि पाडापाडीला परवानगी मिळाली. बागेचं तर आणखी वाईट. कॉम्प्टन यांची झाडं माळ्यांनी रोपवाटिकांना विकली. रोजच्या भाजीपाल्याला जागा हवी होती.

हे मी बाबांना भिंतीच्या बागेत, बाकावर बसून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौथ्या क्वार्टरमधला आंबा आठवतो तुला? साठे म्हणून आले माझ्यानंतर. जीप उभी करायला जागा नाही म्हणून तोडला त्यांनी." मला तो आंबा आठवत नव्हता, मी तेव्हा ५ वर्षांची होते. तो तोडला हे त्यांनी यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. "फळ धरलं होतं पहिल्यांदा," एवढंच पुढे म्हणाले.

मी त्यांना उरलेली हकिगत सांगितली. ती झाडं ज्यांनी विकत घेतली ते रोपवाटिकावाले जाणकार होते. त्यांतल्या क्रिस्टोफर ग्रे यांची रोपवाटिका तर फुलहॅममध्येच होती. त्यांनी ती वाढवली, कलमं केली, विकली. घरातून गेलेली झाडं इंग्लंडभर गेली. बाबांनी मान डोलावली, पण त्यांची समजूत पटली असं मला वाटलं नाही.

भिंतीची बाग आज फार जिवापाड राखली आहे. विटांच्या उंच जुन्या भिंती, त्यांत मधमाश्यांच्या टोपल्या ठेवायचे कोनाडे, ठराविक आकारात आखलेली नॉट गार्डन, तिच्याकडेने जांभळी विस्टेरिया, द्राक्षांचं काचघर आणि भाज्यांचे वाफे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात विस्टेरिया भरात असते. इथला निघालेला भाजीपाला हातगाडीवर विकायला ठेवतात. आम्ही ऱ्हुबार्बची जुडी घेतली. काम करणाऱ्यांत बरेच स्वयंसेवक आहेत. एका आजींनी हातातलं खुरपं बाजूला ठेवून बाबांना वाफा कसा भरला ते दाखवलं. बाबांचं इंग्रजी कागदावरचं, आजींचं बोलणं भरभर, तरी पालापाचोळ्याच्या खताविषयी दोघांचं अर्धा तास जमलं. ही बाग मुख्य घराच्या आधी बंद होते, म्हणून आधी बाग, मग खोल्या असा क्रम ठेवा.

चहासाठी बाहेर जायची गरज नाही. बिशपांच्या जुन्या बैठकीच्या खोलीत कॅफे आहे, उंच खिडक्यांतून हिरवळ आणि मोठी झाडं दिसतात. आम्ही चहा आणि स्कोन घेतले. ऊन असेल तर बाहेर बसा. शनिवारी इथे लग्नं असतात आणि काही खोल्या त्यासाठी दिलेल्या असू शकतात, तेव्हा सवडीने बघायचं तर आठवड्यातला मधला वार बरा. खोल्या तळमजल्यावर आहेत, जिने चढावे लागत नाहीत. ज्येष्ठांना न्यायला लंडनमध्ये याहून चांगली, याहून कमी दमवणारी जागा मला ठाऊक नाही. निम्मा दिवस काढून जा. लॅम्बेथ पॅलेसचं दार अजूनही आर्चबिशपांच्या घराचं आहे, तिथे आपल्या मर्जीने हिंडता येत नाही. इथे येतं. माझ्याकडून पाचपैकी पाच.

परतताना बाबा ऑल सेंट्स चर्चपाशी थांबले. सकाळी याच अंगणातून आम्ही न थांबता गेलो होतो. इथे बऱ्याच बिशपांची थडगी आहेत. कॉम्प्टन यांचंही इथेच आहे, चर्चच्या आत नाही, बाहेर, उघड्यावर, त्यांच्याच इच्छेने. बाबांनी टोपी काढली. दगडावरची अक्षरं झिजली आहेत, तरी ते वाचत राहिले.

मग मला म्हणाले, "ते मॅग्नोलिया कुठे बघायला मिळेल आता?"

मी म्हटलं, "क्यू गार्डन्सला असेल. फुलं जूनमध्ये."

"फुलं नसली तर नसू देत. झाड बघू. उद्या सुट्टी आहे ना तुला?"